सोनोग्राफी नॉर्मल होती, मग पाच महिन्यांत हे कुठून आलं?

या महिन्यात पित्तनलिकेच्या कॅन्सरवर एकामागून एक पत्रं आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि हा सगळा कॉलम यालाच देते. पत्रं थोडी कापली आहेत, कोणी ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आम्ही मानेवाड्याला राहतो. बाबा ६३ वर्षांचे, ना दारू ना खर्रा, रोज सकाळी फिरायला जाणार, दरवर्षी बॉडी चेकअप करणार. दिवाळीच्या आधी चेकअप झाला तेव्हा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन सोडून सगळं नॉर्मल होतं. फेब्रुवारीत अंगाला खाज सुटली, स्किनच्या डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं, मग भूक गेली, पॅन्ट ढिली व्हायला लागली, आम्हाला वाटलं ऊन वाढून राहिलं म्हणून असेल. होळीनंतर डोळे पिवळे झाले. कावीळ आहे म्हणून पंधरा दिवस पथ्य, उसाचा रस, आत्याने माळ आणून गळ्यात घातली. शेवटी सोनोग्राफी झाली, एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय झाला, आणि आता सांगून राहिले की लिव्हरच्या तोंडाशी पित्तनलिकेत कॅन्सर आहे, दोन्ही बाजूच्या नळ्यांत गेलाय, ऑपरेशन होईल असं वाटत नाही. पाच महिन्यांत असं कसं होतं? सोनोग्राफीवाल्यांचं चुकलं का? मीच आधी लक्ष द्यायला पाहिजे होतं का? रात्री झोप लागत नाही हो.

उत्तर: ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं तुम्ही त्याच्यासाठीच विचारलंय असं मला वाटतं. नाही. खाज आणि भूक न लागणं यावरून घरातल्या माणसाला पित्तनलिकेचा कॅन्सर ओळखता येत नाही, आणि खरं सांगायचं तर रोज पेशंट बघणाऱ्या डॉक्टरलाही त्या टप्प्यावर तो पटकन सुचत नाही, कारण तो फार कमी लोकांना होतो आणि खाज हजार कारणांनी येते. तुमचं प्रेम कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही, एवढं मनात पक्कं करा आणि मग पुढचं वाचा.

आता हे लपतं कसं ते सांगते. लिव्हर रोज जवळपास ८०० मिली ते १ लिटर पित्त बनवतं. ते बारीक बारीक नळ्यांमधून गोळा होत होत उजवी आणि डावी अशा दोन मोठ्या नळ्यांत येतं, त्या दोन्ही लिव्हरच्या खालच्या बाजूला एकमेकींना भेटतात, पुढे त्यात पित्ताशयाची नळी येऊन मिळते, आणि ही जी मुख्य नळी झाली, जिला रिपोर्टमध्ये सीबीडी म्हणतात, ती स्वादुपिंडाच्या डोक्यामागून खाली जाऊन लहान आतड्यात उघडते. ही मुख्य नळी साधारण ६ मिलीमीटर रुंद असते, आणि ती पोटात इतकी आत, जठर-आतड्यांच्या मागे असते की हाताने पोट तपासून काही लागत नाही. कॅन्सर या रस्त्यावर कुठेही होऊ शकतो, पण सगळ्यात जास्त, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा, तो उजवी आणि डावी नळी जिथे भेटतात तिथेच होतो. तुमच्या बाबांना तिथेच आहे. या जागेच्या गाठीला क्लॅटस्किन ट्यूमर असंही म्हणतात, जेराल्ड क्लॅटस्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ मध्ये त्यावर लिहिलं होतं, तेव्हा फाईलवर हे नाव दिसलं तर वेगळा काही आजार आहे म्हणून घाबरू नका.

आणि गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गोळा येतो, लिंबाएवढा, सुपारीएवढा. इथे बहुतेक वेळा तसा गोळा नसतोच. बोअरच्या पाण्याने पाईपला आतून क्षार धरत जातो ना, तसा हा नळीच्या भिंतीतच लांबवर पसरत, भिंत जाड करत, आतली जागा कमी करत जातो. मग सोनोग्राफीत काय दिसणार? सोनोग्राफी करणाऱ्याला नळीची भिंत दोन मिलीमीटरने जाड झाली हे क्वचितच दिसतं, त्याला दिसतात फुगलेल्या नळ्या, आणि नळ्या फुगतात कधी, तर पुढे रस्ता बंद व्हायला लागल्यावर. दिवाळीच्या आधी कॅन्सर बहुतेक असेलच, पण पित्त वाहत होतं, नळ्या फुगलेल्या नव्हत्या, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला. तेव्हा मशीन ज्यांनी फिरवलं त्यांचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. नळीच्या खालच्या टोकाला तर याहून अवघड, तिथे आतड्यातला गॅस आडवा येतो, आणि तुम्ही जुने रिपोर्ट काढून बघा, कित्येकांवर लिहिलेलं असतं की बॉवेल गॅसमुळे सीबीडीचा लोअर एंड दिसला नाही. ते वाक्य कोणी वाचत नाही, खाली इम्प्रेशनमध्ये नॉर्मल लिहिलं की आपण फाईल कपाटात ठेवतो.

दुसरी गोष्ट लिव्हरच्या ताकदीची. समजा डावी नळी पूर्ण बंद झाली, तरी उजवा भाग एकटा सगळं पित्त बाहेर टाकत राहतो, बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारा रक्तातला पिवळा रंग, नॉर्मलच राहतं, डोळे पांढरे, लघवी साफ, माणूस बिनधास्त. रक्तात त्या वेळी हळूच वाढलेलं असतं ते अल्कलाईन फॉस्फेटेज आणि जीजीटी, पित्त अडलं की वाढणारी दोन एन्झाइम्स. चेकअपच्या पॅकेजमध्ये एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी असते, त्यात अल्कलाईन फॉस्फेटेज असतंच, पण ते हाडांमुळेही वाढतं, थोडंसं वाढलेलं असेल तर सोडून दिलं जातं. दोन्ही नळ्या अडल्या की मग बिलिरुबिन चढतं, आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते साधारण २ ते ३ च्या पुढे जावं लागतं, नॉर्मल आहे १.२ पर्यंत. म्हणजे डोळे पिवळे होईपर्यंत रोग बराच रस्ता चालून आलेला असतो. त्यात हा दुखत नाही. दुखलं असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला असता. आणि त्या जागी लिव्हरला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या नळीला अगदी चिकटून असतात, त्यामुळे कॅन्सर लहान असला तरी त्यांना वेढून बसतो आणि सर्जनचा हात थांबतो. पित्तनलिकेचा कॅन्सर असलेल्या बहुतेक लोकांना निदान होतं तेव्हाच ऑपरेशनची वेळ गेलेली असते, ते याच्यामुळे.

खाजेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथेच काही करता येण्यासारखं होतं आणि इतरांना अजूनही आहे. पित्त अडल्याची खाज बऱ्याचदा तळहात-तळपायांना जास्त असते, रात्री वाढते, आणि अंगावर पुरळ नसतो, दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. अशी खाज दोन आठवड्यांत मलमाने जात नसेल तर एलएफटी करायला पाहिजे, नागपुरात गल्लोगल्ली लॅब आहेत, फार खर्चही नाही. सोबत लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद आणि संडास पांढुरका, मातकट असेल तर मग थांबायचंच नाही, कारण संडासाला जो रंग असतो तो पित्तामुळेच असतो, तो गेला म्हणजे पित्त आतड्यापर्यंत पोचतच नाही. हे पेशंट स्वतःहून सांगत नाहीत, लाज वाटते, आणि इंडियन टॉयलेटमध्ये अंधारात कोण बघतं, म्हणून घरातल्यांनी थेट विचारायचं.

आता बाबांचं. ऑपरेशन होणार नाही हा निर्णय एका माणसाच्या एका वाक्यावर सोडू नका. लिव्हर आणि पित्तनलिकेचीच ऑपरेशनं करणारे सर्जन वेगळे असतात, त्यांना एमआरसीपी आणि सीटी स्कॅनची सीडी दाखवा, नुसता टाईप केलेला रिपोर्ट नाही, कारण ते चित्र स्वतः बघून ठरवतात. आपल्याकडे जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईला टाटा आहे, कुठेही जा पण एकदा दुसरं मत घ्या. काही पेशंटमध्ये लिव्हरचा जो भाग मागे राहणार तो आधी वाढवून घेता येतो, त्या बाजूचं पित्त आधी बाहेर काढून घेतात, मग ऑपरेशनचा विचार करतात, तुमच्या बाबांना ते लागू पडेल की नाही ते चित्र बघणाराच सांगेल. नाहीच जमलं तर स्टेंट, म्हणजे पित्तनलिकेत बसवायची बारीक नळी, टाकून पित्ताला रस्ता करून द्यायचा, खाज आणि कावीळ उतरली की माणूस जेवायला लागतो, आणि मग केमो. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी २०१० पासून या रोगात पहिली दिली जाते, २०२२ पासून तिच्यासोबत इम्युनोथेरपीचं औषधही जोडतात, ते महाग आहे, विचारून घ्या. फुले योजनेचं किंवा आयुष्मानचं कार्ड कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, ऍडमिशनच्या दिवशी आधार आणि रेशनकार्डासाठी धावपळ होते ती फार वाईट.

आणि ताई, आत्यावर रागावू नका. त्यांनीही मायेनेच आणली होती माळ.

प्रश्न: माझं वय ४५, इतवारीत दुकान आहे. आमच्या शेजारचे एक जण याच आजाराने गेले, कळल्यापासून सहा महिनेही नाही राहिले. तेव्हापासून डोक्यात बसलंय. लॅबवाला म्हणतो की सीए १९-९ ची टेस्ट करून घ्या, कॅन्सर असेल तर आधीच समजते. बायको म्हणते कराच. करू का?

उत्तर: दादा, नका करू. तुमची भीती खरी आहे पण ही टेस्ट त्या भीतीवरचं उत्तर नाही.

सीए १९-९ ही रक्ताची टेस्ट आहे, तिचा आकडा ३७ पर्यंत नॉर्मल धरतात. तो वाढतो कशाने? पित्तनलिकेच्या कॅन्सरने वाढतो, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने वाढतो, पण साधा खडा नळीत अडकला तरी वाढतो, नळीत इन्फेक्शन झालं तरी वाढतो, स्वादुपिंडाला सूज आली तरी वाढतो, आणि मी बोलते आहे ते थोडंथोडकं नाही, कधीकधी शेकड्यांत जातो आणि खडा काढला की उतरतो. उलट बाजूने बघा, शंभरातल्या पाच ते दहा लोकांचं शरीर हा पदार्थ बनवतच नाही, रक्तगटासारखी ती जन्मजात गोष्ट आहे, अशा माणसाला कॅन्सर असला तरी टेस्ट नॉर्मल. सुरुवातीच्या टप्प्यात तर ज्यांच्यात बनतो त्यांच्यातही बऱ्याचदा नॉर्मल असतो. म्हणजे तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाने ती केली तर नॉर्मल आल्यावर खोटा धीर आणि वाढून आली तर सीटी, एमआरआय, एंडोस्कोपी, आणि तेवढे महिने घरातल्या सगळ्यांची झोप उडालेली. ही टेस्ट कामाची आहे, पण रोगाची शंका असताना स्कॅनच्या जोडीने, किंवा उपचार चालू असताना आकडा वर जातो की खाली ते बघायला.

सगळ्या लोकांनी दरवर्षी करावी अशी या कॅन्सरची कुठलीच तपासणी आज नाही, आपल्याकडेही नाही आणि बाहेरही नाही. थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केनच्या बाजूला, सोनोग्राफीने लोक तपासतात, पण तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे नदीतले छोटे मासे कच्चे खायची पद्धत आहे, त्या माशांतून एक चपटा जंत पोटात जातो आणि पित्तनलिकेत जाऊन वर्षानुवर्षं राहतो, त्याने नळीला सतत सूज राहते आणि पुढे कॅन्सर होतो, त्यामुळे हा रोग जगात सगळ्यात जास्त तिथे आहे. भंडाऱ्याच्या एका वाचकाने विचारलंय की आम्ही वैनगंगेचे मासे खातो मग आम्हाला काय, तर काका, आपण मासे शिजवून खातो, नीट शिजल्यावर तो जंत जगत नाही. आणि सावजीबद्दल विचारणाऱ्या तिघांना एकत्रच सांगते, या कॅन्सरच्या ज्ञात कारणांमध्ये तिखट किंवा मसाला नाही. ऍसिडिटीसाठी कमी करा म्हणेन, यासाठी नाही.

तुम्ही करायचंच असेल तर हे करा: हेपॅटायटिस बी आणि सी ची टेस्ट एकदा करून घ्या, दोन्हीमुळे लिव्हर खराब होतं आणि लिव्हरच्या आतल्या पित्तनळ्यांच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, बी ची लस आहे आणि सी आता गोळ्यांनी बरा होतो. इथे आधी कळल्याचा खरोखर फायदा आहे.

प्रश्न: माझं पित्ताशय खड्यांमुळे सहा वर्षांपूर्वी काढलं. म्हणजे मला आता हा कॅन्सर होणार नाही ना? (धरमपेठ)

उत्तर: पित्ताशय गेलं तरी नळ्या तिथेच आहेत काकू, त्यामुळे पित्ताशयाचा कॅन्सर आता होणार नाही पण नळीचा धोका शून्य झाला असं नाही. हे दोन वेगळे रोग आहेत. उत्तर भारतात गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कॅन्सर खूप दिसतो आणि त्याचं खड्यांशी जवळचं नातं आहे, नळीच्या कॅन्सरमध्ये जास्त धोका असतो तो लिव्हरच्या आतल्या नळ्यांत खडे होतात त्यांना, आणि ज्यांची नळी जन्मापासूनच फुग्यासारखी मोठी आहे, ज्याला कोलेडोकल सिस्ट म्हणतात, त्यांना. तुमच्यात यातलं काही नाही, त्यामुळे काळजी सोडा. फक्त पुढे कधी कावीळ झाली तर माझं पित्ताशय काढलंय हे डॉक्टरांना सांगा, कारण ऑपरेशननंतर नळीत राहिलेला खडा किंवा आखडलेली नळी हेही कारण असू शकतं.

प्रश्न: मुलगा २६ वर्षांचा आहे, पुण्याला आयटीत. त्याला आठ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) आहे, आता अल्कलाईन फॉस्फेटेज वाढलेलं निघालं म्हणून एमआरसीपी केली तर पीएससी निघाला. डॉक्टरांनी कॅन्सरची शक्यता बोलून दाखवली तेव्हापासून त्याची आई रडून राहिली. मुलगा म्हणतो मला काहीच त्रास नाही, परत परत एमआरआय कशाला.

उत्तर: हे पत्र मी सगळ्यात काळजीपूर्वक वाचलं, कारण या रोगात आधी कळण्याची खरी संधी ज्या थोड्या लोकांना आहे त्यांत तुमचा मुलगा येतो.

पीएससी म्हणजे पित्तनळ्यांना जागोजागी सूज येऊन व्रण पडतात आणि त्या आखडत जातात, हा आजार असलेल्या बऱ्याच लोकांना आतड्याचा कोलायटिसही असतो. आयुष्यभरात यांच्यातल्या साधारण दहातल्या एकाला पित्तनलिकेचा कॅन्सर होतो. दहातल्या नऊ जणांना होत नाही, हे त्याच्या आईला आधी सांगा. पण ज्यांना होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पीएससी कळल्याच्या पहिल्याच वर्षात सापडतो, म्हणून हे पहिलं वर्ष डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात, त्यांनी शक्यता बोलून दाखवली ती घाबरवायला नाही.

मुलाला सांगा, त्रास नाही म्हणूनच एमआरआय करायचा. त्रास सुरू झाल्यावर काय होतं ते वर मानेवाड्याच्या ताईंच्या पत्रात आहे. दर सहा महिन्यांनी ते वर्षाने एमआरआय-एमआरसीपी, सोबत रक्ताच्या टेस्ट, आणि आतड्याच्या कॅन्सरसाठी दरवर्षी कोलोनोस्कोपी, कारण पीएससी आणि कोलायटिस दोन्ही असले की तोही धोका वाढतो. शक्यतो स्कॅन एकाच सेंटरला करा म्हणजे जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून बघता येतं, पीएससीत नळ्या आधीच जागोजागी आखडलेल्या असतात, त्यात नवीन काय झालं हे जुन्या चित्राशिवाय सांगणं फार कठीण. मध्येच अचानक कावीळ, खाज वाढली, वजन उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. सिगरेट असेल तर सोडायची, आणि दारूचं मी त्याला स्पष्ट नाही म्हणेन.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना कावीळ झाली, वय ५८, नळीच्या वरच्या भागात आखडल्यासारखं दिसते म्हणे. एंडोस्कोपीतून दोनदा ब्रश फिरवून तपासायला पाठवलं, दोन्ही वेळा कॅन्सर नाही असा रिपोर्ट आला. आम्ही देवाला पेढे वाटले. आता सर्जन म्हणतात तरी मोठं ऑपरेशन करावं लागेल, अर्धं लिव्हर काढावं लागेल. कॅन्सर नाही तर अर्धं लिव्हर काहून काढायचं? पैशासाठी तर नाही?

उत्तर: ताई, तुमची शंका मला समजते आणि आजकाल ती लोकांना का येते तेही समजतं. पण या एका रोगात निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ आपण समजतो तसा नसतो.

ब्रश नळीच्या आत फिरवतात, वरवरच्या पेशी त्याला लागून येतात. हा कॅन्सर असतो भिंतीच्या आत, आणि त्यात चिवट तंतूंचं जाळं खूप आणि कॅन्सरच्या पेशी मध्ये मध्ये विखुरलेल्या. त्यामुळे कॅन्सर असलेल्या माणसांतही ब्रशचा रिपोर्ट साधारण निम्म्या वेळाच पॉझिटिव्ह येतो. दोनदा निगेटिव्ह आला तरी शंका संपत नाही. बाहेरून सुई घालून तुकडा का घेत नाहीत असंही तुम्ही पुढे लिहिलंय, तर ऑपरेशन होण्यासारखं असेल तेव्हा ते टाळतात, सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडायची भीती असते.

तुमच्या बाजूनेही एक खरी गोष्ट आहे. अशा आखडलेल्या नळीसाठी ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण दहात एखाद्याला नंतर कॅन्सर निघतच नाही, दुसरंच काही निघतं. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला हे विचाराच: आयजीजी-४ ची टेस्ट केली का, कारण आयजीजी-४ नावाचा एक सुजेचा आजार हुबेहूब असाच दिसतो आणि तो स्टेरॉइडने बरा होतो, अर्धं लिव्हर वाचतं. टीबीच्या गाठी बाहेरून नळी दाबतात का ते बघितलं का, आपल्याकडे टीबी आहे म्हणून हे विचारायचं. नळीत बारीक कॅमेरा घालून डोळ्यांनी बघत तुकडा घेता येतो, ती कोलँजिओस्कोपी, ती करता येईल का. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही, तो स्वतःच या गोष्टी करून बसलेला असतो आणि तुम्हाला रिपोर्ट दाखवतो. या तिन्हींत काही मिळालं नाही आणि एमआरआयचं चित्र कॅन्सरचंच वाटत असेल तर मात्र अजून एकदा ब्रश करून बघू, अजून महिनाभर थांबू, असं करत बसू नका. आत्ता ऑपरेशन होतंय असं सर्जन म्हणतात, या रोगात हे ऐकायला मिळणारे लोक कमी आहेत.

इतर वाचकांसाठी एक: कावीळ आणि फुगलेल्या नळ्या दिसल्या की घाईघाईत स्टेंट टाकला जातो, आणि एमआरआय नंतर होतो. शक्य असेल तर उलट करा. स्टेंट टाकला की नळ्या रिकाम्या होतात, भिंतीला सूज येते, मग रोग कुठून कुठपर्यंत आहे ते चित्रात नीट कळत नाही. थंडी-ताप असेल, इन्फेक्शन असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी जीव. पण माणूस स्थिर असेल तर एमआरसीपी आणि सीटी आधी, स्टेंट मग. हे एक वाक्य डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही की साहेब, स्कॅन आधी करून घ्यायचा का.

प्रश्न: आमच्याकडे गावात कावीळ उतरवणारे आहेत, हात धुतले की पाणी पिवळं होते, कितीतरी लोक बरे झाले. तुम्ही डॉक्टर लोक याला खोटं म्हणता. (काटोल)

उत्तर: लोक बरे झाले हे खरं आहे. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई व्हायरसची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, कोणी माळ घातली तरी आणि नाही घातली तरी, पावसाळ्यात ही कावीळ घरोघरी असते म्हणून श्रेय माळेला जातं. पाणी पिवळं होतं ते आधी हाताला लावलेला चुना आणि झाडपाला यांच्यामुळे, माझ्या हातालाही होईल.

माझा राग पाण्यावर नाही, गेलेल्या दिवसांवर आहे. बंद नळीची कावीळ आणि व्हायरसची कावीळ दिसायला सारखीच पिवळी असते. फरक बाकी गोष्टींत आहे. व्हायरसच्या काविळीत आधी ताप, मळमळ, उलट्या, अंगदुखी येते, पेशंट बऱ्याचदा तरुण किंवा लहान मूल असतं, आणि रिपोर्टमध्ये एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम हजाराच्या घरात जातं. बंद नळीच्या काविळीत एसजीपीटी थोडंच वाढलेलं, अल्कलाईन फॉस्फेटेज खूप वाढलेलं, बिलिरुबिनमध्ये डायरेक्टचा भाग जास्त, पेशंट पन्नाशीच्या पुढचा, ताप नाही, दुखणं नाही, खाज आहे, वजन उतरलेलं आहे. अशा माणसाला उसाचा रस पाजत बसणं म्हणजे त्याचे ते आठवडे घालवणं आहे, आणि या रोगात माणसाच्या हातात जे काही असतं ते त्या आठवड्यांतच असतं. गळ्यात माळ घालायची असेल तर घाला, मी काढायला सांगणार नाही, पण त्याच दिवशी एलएफटी आणि पोटाची सोनोग्राफी करा. रिपोर्टमध्ये आयएचबीआर डायलेटेड असं लिहिलेलं दिसलं, म्हणजे लिव्हरच्या आतल्या नळ्या फुगल्या आहेत, तर पुढचा दिवस पोटाच्या स्पेशालिस्टकडे, मग काटोलहून नागपूरला यावं लागलं तरी. आणि तिथल्या उतरवणाऱ्यांना माझा निरोप सांगा, पन्नाशीच्या पुढचा, दुखत नसलेला पिवळा माणूस आला तर त्याला आधी सोनोग्राफीला पाठवा, तुमचं ते लोक ऐकतात, आमचं उशिरा ऐकतात.

प्रश्न: आईला महिन्याभरापूर्वी प्लास्टिकचा स्टेंट टाकला, कावीळ उतरली. काल रात्री थंडी वाजून ताप आला, आज सकाळी उतरला. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहेच, तेव्हा दाखवलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ऑफिसमधून तुम्हाला फोन केलाय, इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी. स्टेंट असलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप आला म्हणजे स्टेंट बंद होऊन नळीत इन्फेक्शन झालं असं धरूनच चालायचं, ताप उतरला तरी. हे इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरू शकतं, बीपी पडतं, माणूस बरळायला लागतो. त्याच रात्री, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बुजतो आणि बदलावा लागतो, कधी त्याच्या आधीच, मेटलचा जास्त टिकतो. स्टेंट कधी टाकला, कुठल्या जातीचा आहे आणि कधी बदलायचा हे एका कागदावर लिहून फ्रीजला चिकटवून ठेवा, सोबत ज्या डॉक्टरांनी टाकला त्यांच्या हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर.